छातीइतकं पाणी

माझ्या सगळ्या आयुष्यात मी एकच नवस बोलले आहे — शाळेत असताना, भूगोलाच्या पेपरासाठी — आणि तोही फेडायचा राहून गेला. त्यामुळे काही बिघडलं नाही. पुढे नोकरी लागली ती माती-पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत. तिथे कोणी 'मला वाटतं' असं म्हणालं की साहेब विचारायचे, "वाटतं म्हणजे काय? मोजलं का?" ती सवय अंगात इतकी मुरली की घरी कोणी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी मी "किती कमी?" विचारते. तर अशा बाईने या सदरात काय लिहावं... तुमच्याकडे येणारे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. बहुतेक वाचून हसते — रागावू नका. पण दर वेळी मनात येतं, आपल्याकडेही एक आहे आणि त्यावर काही हसता येत नाही.

नव्वदच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही तेव्हा लखनौला होतो, अलीगंजमध्ये भाड्याच्या घरात. माझे मिस्टर बँकेत, मी प्रयोगशाळेत, आणि मुलगी मीनल शाळेत. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती उत्तर हिंदीत द्यायची. मिस्टरांचं नाव श्रीकांत. समोर मी 'अहो'च म्हणते, पण इथे 'हे' 'हे' लिहीत बसले तर तुमचा गोंधळ होईल, म्हणून नावच लिहिते.

श्रीकांत मूळचे बार्शीचे. लहानपणी पाणी पाहिलं ते टँकरमधलं. पोहायला येत नाही ते नाहीच. अशा माणसाला लखनौला बदली झाल्यावर कसलं वेड लागावं? तर गळ टाकून मासे पकडायचं! बँकेतल्या कोणीतरी एकदा नेलं, आणि झालं. त्यात आम्ही पक्के शाकाहारी. पकडलेला मासा एकतर परत पाण्यात, नाहीतर तिथल्या राखणदाराला. माझ्या सासूबाई एकदा महिनाभर राहायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "खायचा नाही तर त्या मुक्या जिवाचं तोंड कशाला रे फाडतोस?" पण रविवार आला की स्कूटरला रॉड बांधलेले असायचेच.

जागा सांगते. सीतापूर रोडने शहराबाहेर पडायचं, बक्शी का तालाब हे गाव मागे टाकलं की डावीकडे गोमतीच्या बाजूला एक कच्चा रस्ता जायचा. शेतं, आंब्याच्या बागा, आणि मग एक लांबट तलाव. गोमतीने कधीकाळी वाट बदलली आणि जुनं वळण मागे राहिलं, त्याचा झालेला हा तलाव. एका टोकाला नाला, तो नदीला मिळायचा. अलीकडच्या काठावर आंब्याचं झाड आणि शिवबालकची झोपडी. शिवबालक म्हणजे ज्याने तलाव मासेमारीसाठी ठेक्याने घेतला होता त्याचा राखणदार. चाळिशीचा, बोलघेवडा, सतत बिडी. काठापासून जरा पुढे गेलं की नदीचं जुनं पात्र — तलावातली सगळ्यात खोल जागा. तिथे शिवबालकचा नाव ढकलायचा बांबू तळाला लागायचा नाही, वल्ही मारावी लागत. पात्राच्या पलीकडे, तलावाच्या मध्यावर, पाण्याखाली एक उंचवटा होता आणि त्यावर बांबूचं मचाण. श्रीकांतची गादी तिथे. शिवबालक नावेतून सोडून यायचा, दुपारी घेऊन यायचा. मी काठावर आंब्याखाली ऑफिसचे कागद घेऊन बसायची, आणि हाताला चाळा म्हणून एक रॉड माझ्याकडे असायचा.

आता थोडं त्या रॉडबद्दल, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. दोरीच्या टोकाला शिसं. वर मोराच्या पिसाच्या देठाचा फ्लोट, लाल टोकाचा, दोरीवर मोकळा सरकणारा. आणि दोरीवर आणखी वर एक छोटी गाठ मारलेली. ती गाठ फ्लोटला अडवते. म्हणजे गाठ जिथे, तितकी खोली. ही गाठ रॉडवरच्या कड्यांमधून सरकत पार रिळात गुंडाळली जाते, त्यामुळे गळ टाकताना ती दिसत नाही. शिसं गाठीइतक्याच खोलीवर टेकलं तर फ्लोट ताठ उभा राहतो. पाणी त्याहून उथळ असलं तर दोरी ढिली पडते आणि फ्लोट आडवा लोळतो. आणि पाणी जास्त खोल असलं तर शिसं फ्लोटला घेऊन बुडतं. उभा, आडवा, बुडाला — एवढंच.

माझ्या रॉडवरची गाठ श्रीकांतच्या छातीइतक्या उंचीवर असायची. हा माझा नियम होता. काठाजवळ गळ मुळांत अडकला की हे महाशय सोडवायला पाण्यात शिरायचे, पोहता येत नसताना! मग एकदा मी त्यांना उभं केलं, शिसं पायाच्या अंगठ्यावर ठेवायला लावलं, दोरी छातीपर्यंत धरली आणि म्हटलं, "इथे मारा गाठ. फ्लोट उभा किंवा आडवा असेल तिथे जा. बुडाला तिथे गेलात तर मी मीनलला घेऊन सरळ बार्शीला." ते हसले, पण गाठ मारली. तेव्हापासून तो 'छातीचा रॉड'.

त्या वर्षी भाद्रपदात पावसाने धुमाकूळ घातला. गणपती उठले तरी पाऊस उठेना. गोमती फुगलेली, शहरात सखल भागात पाणी. मी म्हटलं, या रविवारी काही जायचं नाही. त्यावर श्रीकांतनी मला व्याख्यानच दिलं. नुसता पाऊस पडला तर मासा खूश असतो, म्हणे. पण नदीचं पाणी तलावात घुसलं की खेळ बदलतो. पाणी गढूळ होतं, माशाला चारा दिसत नाही. शिवाय नव्या पाण्याच्या ओढीने तो खोल जागा सोडतो, धारेच्या तोंडाशी जातो आणि तिथून नदीत पसार. म्हणजे ठेकेदाराचं पोसलेलं पीक एका दुपारीत गेलं. मात्र पाणी चढायला लागल्यापासून गढूळ होईपर्यंत जे काही तास मिळतात, त्यात मासा अधाशासारखा खातो. "आणि मी आठवडाभर मचाणापाशी चारा टाकून ठेवलाय, शिवबालकच्या हातून. तो काय वाया घालवू?"

"घालवा की!" मी म्हटलं.

अर्थात गेलोच. मीनलला शेजारी ठेवलं. एकटं सोडलं तर या माणसाला वेळेचं भान राहणार नाही, म्हणून मीही.

सकाळी पाऊस थांबला होता. तलाव आंब्याच्या मुळांपर्यंत आलेला, पण पाणी अजून बऱ्यापैकी स्वच्छ. श्रीकांत दोन्ही रॉड घेऊन झाडाखाली खटपट करत बसले, मी थर्मासमधून चहा ओतत होते. शिवबालक म्हणाला, "साहब, एक ही रॉड ले चलिए, आज नाव बहुत डोल रही है." मग दुसरा रॉड माझ्या हातात दिला. "तू बस खेळत," म्हणाले. मी तो झाडाला टेकवून ठेवला आणि कागद काढले.

शिवबालक त्यांना मचाणावर सोडून परत आला. थोड्या वेळात तिकडून आरडाओरडा — एक मोठा रोहू लागला होता. श्रीकांत मचाणावरून मला तो उचलून दाखवत होते, मी इथून हात हलवला. मग आणखी एक. त्यांचं गणित बरोबर होतं म्हणायचं.

मग पाऊस आला. सरी वगैरे नाही, थेट बादल्या. आणि त्याच्या मागोमाग नाल्याच्या बाजूने कोणीतरी 'नदी आत घुसली' असं ओरडत गावाकडे पळत गेला. मी पाण्याकडे पाहिलं तर बघता बघता त्याचा रंग दुधाच्या चहासारखा झालेला. शिवबालकने बिडी फेकली आणि नावेकडे धावला. नाल्याच्या तोंडावर आडवं जाळं बांधायचं असतं, नाहीतर सगळा मासा बाहेर. मी ओरडले, "पहले साहब को लाओ!"

"पाँच मिनट, भाभीजी! अभी जाल नहीं बाँधा तो ठेकेदार हमको गाड़ देगा!"

आणि मचाणावरून श्रीकांतही त्याला हातवारे करत होते — जा, जा, आधी जाळं बघ. परक्याच्या माशांची काय ती काळजी!

तो पाच मिनिटांत आलाच नाही. आला तेव्हा काठाकाठाने, चिखलात पडत, नावेशिवाय. धारेने नाव जाळ्यावर आपटली, जाळं फाटलं, नाव उलटली, आणि नाव, जाळं, मासे सगळं नाल्यातून नदीकडे गेलं. "सब निकल गया, भाभीजी, सब निकल गया..." एवढंच तो म्हणत होता. मला त्याचा इतका संताप आला की काय सांगू. त्याचे मासे गेले होते, माझा नवरा मध्यावर अडकला होता.

आता तलाव राहिला नव्हता, वाहतं पाणी झालं होतं. नदीतून जलकुंभीचे, म्हणजे आपल्या जलपर्णीचे, थरच्या थर आत येत होते आणि मचाणाच्या बांबूंना अडकून साचत होते. धार त्यांना ढकलत होती, ते बांबूंना ढकलत होते. मचाण आधी सरळ होतं. मग नव्हतं. श्रीकांत एका कोपऱ्यात बसून वरचा बांबू धरून होते. आजूबाजूला हाकेवर माणूस नाही, दुसरी नाव पलीकडच्या गावात आणि तिकडच्या रस्त्यावर कमरेच्या वर धार. शिवबालकला पोहता येत होतं. बिचाऱ्याने कमरेला दोर बांधून उडी मारली — खोटं कशाला बोलू, मारली. धारेने त्याला उचलून काठावरच खूप खाली आणून टाकलं. पुन्हा मारली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं.

माझं डोकं मात्र चालत होतं. मला सुचलं की रॉडने दोरी मचाणापर्यंत फेकावी, मागे दोर बांधावा, श्रीकांतनी तो ओढून घ्यावा. वारा पाठीमागून होता. मी छातीचा रॉड उचलला, शिसं लावलेलंच होतं, आणि जीव खाऊन फेकलं.

कमी पडलं. मचाणाच्या बरंच अलीकडे, बरोब्बर जुन्या पात्रावर शिसं पडलं. मी ओढून घेणार, तेवढ्यात लाल टोक दिसलं.

फ्लोट उभा होता. ताठ!

मी शिसं ओढून घेतलं. त्याला काळी चिकणमाती लागलेली — म्हणजे तळाला टेकलं होतं, जलकुंभीवर नाही. पुन्हा फेकलं, जरा बाजूला. फ्लोट उभा. जरा अलीकडे. उभा. पात्रातून एक पट्टाच्या पट्टा छातीइतका! मी शिवबालकला दाखवलं तर तो मान हलवायला लागला. "भाभीजी, वहाँ बाँस नहीं लगता. वहाँ सबसे गहरा है."

"अरे, मिट्टी देखो! मिट्टी झूठ बोलेगी?"

मला वाटलं, पुराने गाळाचा उंच बांध टाकला असेल. असं होतं, मी वाचलेलं होतं. मचाण आता इतकं कललं होतं की श्रीकांतचा एक पाय पाण्यात होता. मी पुन्हा फेकलं, जमेल तितकं मचाणाजवळ, आणि बेंबीच्या देठापासून ओरडले — "अहो! उतरा! फ्लोट उभाय! छातीइतकंच आहे! फ्लोटकडे चालत या!"

त्यांनी ऐकलं. फ्लोटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. मला अस्सा राग आला... इथे जीव जायची वेळ आणि हा माणूस विचार कसला करतोय! मी आणखी जोरात ओरडले, "मी सांगतेय ना! छातीइतकंच आहे! या!"

ते उतरले. उंचवट्यावर पाणी छातीला लागलं. तिथून ते पात्राच्या दिशेने निघाले, फ्लोटवर नजर ठेवून. उंचवटा संपायची जागा आली, ती मला काठावरून पाठ होती. तिथून पुढे गेले. पाणी छातीलाच. चालत राहिले. दोन्ही हात वर, डोक्यावर टोपी तशीच, पाऊस कोसळतोय, आणि हा माणूस बँकेत काउंटरकडे जावं तसा सावकाश चालतोय. फ्लोटजवळ पोचले की मी शिसं ओढायची आणि अलीकडे फेकायची. फ्लोट उभा राहायचा, ते निघायचे. जलकुंभीचा एक थर त्यांच्या अंगावर आला, त्यांनी हाताने बाजूला केला. धारेत शिवबालकसारखा पट्टीचा पोहणारा टिकला नव्हता. श्रीकांत डगमगलेसुद्धा नाहीत, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आलं.

काठाजवळ फ्लोट आडवा पडायला लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. ते आंब्याच्या मुळांना धरून वर आले. मी आधी त्यांच्या खांद्यावर एक गुद्दा घातला आणि मग भोकाड पसरलं. मचाण कोसळलं वगैरे नाही. आम्ही पाहत असतानाच ते सावकाश आडवं झालं आणि जलकुंभीबरोबर निघून गेलं.

शिवबालक जवळ आला नाही. तो लांब उकिडवा बसून पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "साहब, आप किस चीज़ पर चल के आए?"

"ज़मीन पर, और किस पर!" मीच खेकसले. श्रीकांत टोपी काढून पिळायला लागले.

घरी आल्यावर मीनलने पराक्रम ऐकला आणि गल्लीभर सांगत सुटली, "मम्मी ने पापा को काँटा डाल के पकड़ा!" सगळ्यांची करमणूक झाली. आमच्याकडे कोणी चहाला आलं की आधी हा किस्सा. मी रंगवून सांगायची, लोक मला शाबासकी द्यायचे — क्या बात है, भाभीजी, साइंटिस्ट का दिमाग़! मलाही ते आवडायचं, नाही कशाला म्हणू. श्रीकांत त्या वेळी उठून आत जायचे. उरलेला छातीचा रॉड त्यांनी कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला, मासेमारीचा विषय नाही. मला वाटलं, धसका घेतलाय, ओसरेल.

दिवाळीनंतर मीच हट्ट केला की जाऊ या. एक म्हणजे त्यांची भीती जावी. दुसरं म्हणजे शिवबालकची जिरवायची होती. आणि तिसरं, पात्रात गाळाचा एवढा बांध तयार झाला असेल तर त्याची माती मला तपासून बघायची होती. श्रीकांत नको म्हणत होते. पण मी एकदा ठरवलं की त्यांचं काही चालत नाही.

कार्तिकातलं छान ऊन होतं. तलाव पुन्हा तलाव झाला होता, पाणी उतरून जागेवर आलेलं, नितळ. मासा मात्र नव्हता. शिवबालक म्हणाला, मोठं सगळं गेलं, आता ठेकेदाराने बारीक पिल्लं सोडलीत. नवीन नाव होती. मी छातीचा रॉड कपड्यातून सोडवला — त्या दिवसानंतर त्याच्या दोरीला कोणी हात लावला नव्हता — आणि त्याच जागी शिसं फेकलं.

फ्लोट आडवा लोळला.

"बघा!" मी म्हटलं. "छातीपेक्षाही कमी! बांध अजून आहे!"

शिवबालक वाद घालत बसला नाही. नावेत बसला, माझ्या फ्लोटपाशी गेला आणि बांबू पाण्यात घातला. बांबू गेला... गेला... त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. त्याने वर काढला, पुढे सरकला, पुन्हा घातला. ज्या ज्या रेषेवरून श्रीकांत चालत आले होते त्या सगळ्या रेषेवर त्याने घालून दाखवला. कुठेच लागला नाही. आणि माझा फ्लोट त्याच्या नावेशेजारी निवांत लोळतोय!

असं होऊच शकत नाही. फ्लोट म्हणतो उथळ, बांबू म्हणतो खोल. मी दोरी ओढून घेतली, शिसं श्रीकांतच्या पायाशी ठेवलं, जसं पहिल्यांदा ठेवलं होतं तसं, आणि दोरी वर नेत गेले. छातीशी गाठ नव्हती. डोक्याशी नव्हती. मी रिळातून दोरी सोडत राहिले. आणखी एक श्रीकांत झाला, तरी नाही. आणखी एक होत आला तेव्हा गाठ हाताला लागली.

मी वर पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मीच सरकवली होती," म्हणाले. "त्या सकाळी. मचाणावरून पात्रात टाकायला म्हणून. मग शिवबालक एकच रॉड घे म्हणाला, आणि तुझ्याकडे राहिला. सांगायचं राहूनच गेलं."

मी गाठ बोटांत धरून हिशोब केला. गाठ त्या उंचीवर असताना फ्लोट ताठ उभा राहिला, म्हणजे शिसं तितक्या खोलीवर टेकलं होतं. उथळ असतं, गाळाचा बांध असता, तर फ्लोट त्या दिवशीही लोळला असता. तो काठाशी येईपर्यंत लोळला नाही. तो खरंच सांगत होता — इथे या माणसाच्या जवळजवळ तिप्पट पाणी आहे. आणि मी माझ्या पोहता न येणाऱ्या नवऱ्याला ओरडून ओरडून त्यात उतरवलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मचाणावर असताना माहीत होतं की गाठ वर आहे."

"हो."

"मग उतरलात कसे?"

"मचाण जातच होतं. पण तसं नाही... तू इतकी ठणकावून सांगत होतीस. मला वाटलं, हिने गाठ पाहिली असणार, खाली घेतली असणार. हिने मोजलं असणार."

मी समजत होते, त्यांनी मोजलंय. ते समजत होते, मी मोजलंय.

तिकडे शिवबालक नावेतच बसून होता. त्याला मराठी कळत नव्हतं. मग त्याने काठावर येऊन चहा केला, आम्ही प्यालो, निघालो. पुन्हा त्या तलावावर गेलो नाही.

पायाखाली काय होतं, हे मी श्रीकांतना त्या दिवशी स्कूटरवर विचारलं, नंतरही विचारलं. ते एवढंच सांगतात — सपाट होतं. ओल्या सारवलेल्या जमिनीसारखं, पण पाय घसरत नव्हता. चढ नाही, उतार नाही. पाण्याचा जोर छातीला लागत होता, पायांना लागत नव्हता. दिसत काही नव्हतं, पाणी गढूळ. मी खोदून विचारलं, गार होतं? ते म्हणाले, "नाही. तेच तर. गार नव्हतं."

ऑफिसातल्या एकाला मी हे सांगितलं, माझं नाव न घेता, दुसऱ्या कोणाचं म्हणून. तो म्हणाला जलकुंभीचा बुडालेला थर असेल. त्यावर माणूस उभा राहत नाही, आणि शिसं त्यातून आरपार जाऊन चिखलाला कसं टेकलं? दुसरा म्हणाला, भीतीने माणूस पोहतो आणि त्याला वाटतं आपण चाललो. हात वर करून? आणि मी काय पाहिलं? सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गणपतीनंच तारलं रे बाबा," आणि उपास धरला. धरोत. मी हसले नाही. पण पटलंही नाही.

आता आम्ही दोघं पुण्यात असतो. मीनल परदेशात, तिची मुलं तर हिंदीही बोलत नाहीत. श्रीकांत मासेमारी विसरलेत, बाल्कनीत कुंड्या करतात. उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि मी ते शोधायचं सोडून दिलंय, हे माझ्यासारखीला कबूल करणं सोपं नाही. फक्त घरात एक फरक पडला, तो अजून तसाच आहे. मी काही ठामपणे म्हटलं — औषध हेच घ्यायचं, गाडी याच बाजूने जाते, गॅस बंद केलाय — की श्रीकांत एक शब्द न विचारता तसं करतात. त्या दिवशी पाहिलं तसंच, क्षणभर माझ्याकडे बघतात, आणि उठतात. मग मीच म्हणते, "थांबा हो. मला एकदा बघून येऊ दे."